वाचकांचे प्रश्न : बांधकाम व्यवस्थापनाच्या पदवीची आखणी

प्रश्न : बांधकाम व्यवस्थापनाच्या चार वर्षांच्या पदवीला मी नुकताच प्रवेश घेतला आहे. आठ सत्रांतील काही विषय सक्तीचे आहेत, काही ऐच्छिक. कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा हे मात्र बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांवर सोपवलेले आहे. वरच्या वर्गातील काहींचा सल्ला असा, की गणित आणि मेकॅनिक्स पुढे ढकलावे आणि सुरुवातीला सोपे विषय घेऊन गुण चांगले राखावेत. मला व्यवस्थापनाकडे वळायचे आहे, स्ट्रक्चरल डिझाइनकडे नाही, त्यामुळे हे म्हणणे पटतेही. आपण काय सुचवाल?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : हा सल्ला सद्‌हेतूने दिलेला असला तरी तो मानू नये, असे मी स्पष्टच सांगेन. विषयांचा क्रम त्यांच्या अवघडपणावरून नव्हे, तर कोणता विषय कोणत्या विषयावर उभा आहे यावरून ठरवायचा असतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे आधी कोणता विषय पूर्ण केलेला असावा लागतो, ते दिलेले असते. एक मोठा कागद घ्या, प्रत्येक विषय एका चौकोनात लिहा आणि शेवटच्या सत्रातील प्रकल्पापासून बाण काढत मागे मागे या.

असे केल्यावर बहुतेक अभ्यासक्रमांत दोन लांब साखळ्या दिसतात. पहिली गणित आणि भौतिकशास्त्रापासून सुरू होते आणि अप्लाइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, स्ट्रक्चर्स या मार्गाने सेंटरिंग, परांची आणि खोदाईचे आधार यांसारख्या तात्पुरत्या बांधकामांच्या अभ्यासापर्यंत जाते. दुसरी ड्रॉइंगपासून निघते. तिच्यात साहित्य आणि बांधकामपद्धती, मोजमापे, अंदाजपत्रक, वेळापत्रक आणि खर्चनियंत्रण असे विषय एकामागून एक येतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषेचा एखादा विषय कोणत्याही सत्रात बसतो, कारण त्यावर पुढचे फारसे काही अवलंबून नसते. साखळीतील विषयांना ही सवलत नाही. त्यांपैकी अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात, त्यामुळे पहिल्या सत्रातील गणित टाळले तर त्यापुढील प्रत्येक कडी सरकते आणि पदवी एका सत्राने नव्हे, तर पूर्ण वर्षाने लांबू शकते.

क्रिटिकल पाथ या नावाने पुढे तुम्ही जी पद्धत शिकाल, ती हीच आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील तज्ज्ञांनी रासायनिक कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्ती यांच्या नियोजनासाठी ती विकसित केली. ज्या कामाला झालेला उशीर संपूर्ण प्रकल्पाचा उशीर ठरतो, ते काम आधी ओळखायचे, हा तिचा गाभा आहे. तुमच्या पदवीत गणित आणि मेकॅनिक्स ही तशी कामे आहेत.

व्यवस्थापनात जायचे असल्यामुळे मेकॅनिक्सची गरज कमी, ही समजूत मला अधिक काळजीची वाटते. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच अखंड सळई वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पुलांना पेलणार होती. बनवण्याच्या सोयीसाठी तो तपशील बदलला गेला आणि खालचा पूल वेगळ्या सळईने वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगण्यात आला. नकाशावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु वरच्या पुलाच्या जोडावर त्यामुळे एकाऐवजी दोन पुलांचे वजन आले. मूळचा जोडही पुरेसा मजबूत नव्हता, हे तपासात आढळले. असे बदल बांधकाम व्यवस्थापकाच्या टेबलावरून सतत जात असतात. त्याने स्वतः गणित मांडावे अशी अपेक्षा नसते, परंतु ‘आता हे वजन कोण पेलणार?’ हा प्रश्न विचारून कागद डिझायनरकडे परत पाठवण्याइतकी जाण त्याला असलीच पाहिजे. ती जाण मेकॅनिक्सच्या वर्गात येते. म्हणून पहिल्या सत्रात गणित आणि ड्रॉइंग दोन्ही घ्या, त्यांच्या जोडीला एखादा हलका विषय ठेवा आणि दोन अवघड प्रात्यक्षिके शक्यतो एकाच सत्रात येऊ देऊ नका.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. अंदाजपत्रक आणि वेळापत्रक हे विषय पुढच्या वर्षी आहेत, पण त्यांची सॉफ्टवेअर आत्ताच बाहेर शिकून घेतली तर महाविद्यालयातील तो विषय सोडून दुसरा ऐच्छिक विषय घेता येईल. हे योग्य ठरेल का?
– द्वितीय वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : सॉफ्टवेअर अवश्य शिका, पण विषय सोडू नका. कारण एका साध्या स्लॅबवरून सांगतो. स्लॅब २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि १५० मिलिमीटर जाड आहे असे धरा. काँक्रीट ३० घनमीटर लागेल. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा, खालच्या बाजूला २०० चौरस मीटर आणि कडांना ९, असे मिळून २०९ चौरस मीटर होईल. नवखे विद्यार्थी कडांचे ९ हमखास विसरतात. सहा घनमीटरच्या मिक्सर ट्रकच्या पाच फेऱ्या होतील. टोळी ताशी १० घनमीटर काँक्रीट बसवू शकत असेल तर काम तीन तासांचे आहे आणि दर ३६ मिनिटांनी एक ट्रक यायला हवा. त्याहून लवकर आले तर ट्रक खोळंबतात आणि आतील काँक्रीट घट्ट होऊ लागते; फार उशिरा आले तर आधीचा थर घट्ट होऊन कोल्ड जॉइंट, म्हणजे दोन थरांमध्ये नीट न जुळलेला सांधा, पडतो. सात दिवसांनी साध्या सिमेंटच्या काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, म्हणून खालचे टेकू केव्हा काढायचे हा निर्णय केवळ तारखेवर ठरत नाही. तोवर वरच्या मजल्याचा भार येणार आहे का, हेही पाहावे लागते.

या एका स्लॅबमध्ये ड्रॉइंग, मोजमापे, काँक्रीट, स्ट्रक्चर्स आणि वेळापत्रक हे सगळे विषय एकत्र आले. स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्याच दिवशी शटरिंग काढण्याचे काम लावले, तर सॉफ्टवेअर तक्रार न करता सुबक तक्ता काढून देते. चूक ओळखणारे डोके वर्गात आणि हाताने केलेल्या आकडेमोडीतून तयार होते. एखाद्या छोट्या इमारतीचे संपूर्ण मोजमाप कागदावर करा, पन्नासेक कामांचे जाळे हाताने मांडून सुरुवातीपासून पुढे जात आणि शेवटापासून मागे येत प्रत्येक कामाच्या तारखा काढा, आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. सुट्टीत साइटवर काम मिळत असेल तर ते मोजमापांचा विषय झाल्यानंतर घ्या. त्याआधी गेलात तर बहुधा हजेरीच्या वह्या सांभाळत बसाल.

प्रश्न : तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषयासाठी एकच जागा उरली आहे. बांधकाम करार घ्यावा की बिम?
– तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : करार घ्यावा. बिम म्हणजे इमारतीची त्रिमितीय माहितीसह घडवलेली प्रतिकृती उपयुक्त आहेच, आणि पाइप, डक्ट व तुळया एकमेकांना कुठे अडतात हे ती कामाआधीच दाखवते. परंतु ती नोकरीत सरावाने शिकता येते, तर कराराचे अज्ञान नोकरीत फार महाग पडते. उदाहरणार्थ, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९च्या करारनमुन्यात कंत्राटदाराला वाढीव वेळ किंवा पैसे हवे असतील, तर कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत सूचना द्यावी लागते; ती न दिल्यास त्याचा हक्क जाऊ शकतो. नकाशे उशिरा मिळाल्याची नोंद रोजच्या डायरीत लिहून ठेवणारा, पण ती पत्राने न कळवणारा अभियंता कंपनीचे मोठे नुकसान करून बसतो. शिवाय केलेल्या कामाचे बिल मंजूर होईपर्यंत मजुरी आणि साहित्याचा खर्च स्वतः भागवावा लागतो, बिलातूनही काही रक्कम दोषनिवारणाच्या मुदतीपर्यंत राखून ठेवली जाते, आणि कागदावर नफ्यात असलेला कंत्राटदार त्यामुळे अडचणीत येतो. हे नीट उमगण्यासाठी कराराच्या जोडीला लेखाशास्त्राचा प्राथमिक विषय चौथ्या वर्षी बसतो का, ते जरूर पाहा, आणि बिमसाठी अंतिम प्रकल्पातच जागा मागून घ्या. बहुतेक मार्गदर्शक प्राध्यापक त्याला आनंदाने परवानगी देतात.