चार बिघ्यांचा हिशेब

इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एमएस्सी करून संशोधनात जाऊ, कृषी विज्ञान केंद्रात शिकवायचं काम धरू, की भोपाळला जाऊन धोरणाच्या कामात शिरू, असे तीन रस्ते मांडून तू मला एक निवडायला सांगितलंयस. मी निवडून देणार नाही. तिन्हीकडे मी अशी माणसं पाहिली आहेत जी लहान शेतकऱ्यासाठी म्हणून खूप राबतात, पण लहान शेती चालते कशी हेच त्यांना ठाऊक नसतं. तू आधी ते शिकून घे.

2015-16 च्या कृषी गणनेत देशात जमिनीच्या एका खात्यामागे सरासरी जमीन 1.08 हेक्टर निघाली. शंभरातली 86 खाती दोन हेक्टरांच्या आतली, आणि त्या सगळ्यांकडे मिळून जमीन मात्र निम्म्याहून कमी. आपल्या माळव्यात साधारण चार बिघ्यांचा हेक्टर धरतात. तेव्हा देपालपूर-सांवेरकडचं चार बिघ्यांचं एक घर घे आणि त्याचं वर्ष मांडून बघ. जून संपता संपता सोयाबीन, सप्टेंबरअखेर काढणी. मग बोअरला पाणी असेल तर गहू नाहीतर लसूण, नसेल तर ओलीवरचा हरभरा. दारात दोन म्हशी. थोरला मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात. सोयाबीनचा पैसा खत-बियाण्याची उधारी फेडण्यात जातो, गहू घरात खायला लागतो, आणि किराणा, दवाखाना, पोरांची फी हे सगळं दुधावर भागतं. अशा घरी येऊन कुणी हेक्टरी किती क्विंटल एवढंच मोजून गेलं, तर त्याने म्हशी पाहिल्याच नाहीत.

भुशाचं उदाहरण घे. गहू हार्वेस्टरने काढला की चार बिघे बघता बघता उरकतात, मजुरी वाचते. पण ताटं शेतात उभी राहतात आणि पुढे त्या नरवाईला काडी लागते. शंभर बिघेवाल्याला ती नरवाई म्हणजे कटकट. चार बिघेवाल्याचा तो म्हशींचा वर्षाचा चारा. मागाहून भुसा करणारं यंत्र फिरवता येतं, पण ते भाड्याचं, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी यायला यंत्रवाला कुरकुर करतो. आपण काय करतो, तर 'नरवाई जाळू नका' असा फलक लावून मोकळे होतो. लहान तुकड्यावर कापणी, मळणी आणि भुसा तिन्ही कमी खर्चात कसं जमवायचं, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. तुला प्रबंधाला विषय हवाच असेल तर हा घे.

तुझं कॉलेज ज्या जागेवर आहे तिथेच 1924 साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. जमीन होळकर दरबारची. पैसा मुख्यतः कापूस समितीचा, कारण माळव्याचा कापूस सुधारायचा होता. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिथले संचालक. पण कापूस सुधारायचा तर मातीत जीव हवा, मातीला खत हवं, आणि खत तर गोठ्यातून येतं, असं करत करत ते पिकावरून अख्ख्या शेतावर आले. जगभर जिला इंदूर पद्धत म्हणतात ती कंपोस्टची रीत तिथली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, थरावर थर. पाणी शिंपायचं, तीनदा उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. 1931 मध्ये त्यावर पुस्तक निघालं, त्याच्यावर हॉवर्डसोबत यशवंत वाड यांचंही नाव आहे. आपल्या इंदुरी मराठी मंडळींना वाड्यांच्या मालकांची नावं तोंडपाठ, हे वाड मात्र कुणाला माहीत नसतात. असो.

त्या कामातून दोन गोष्टी उचल. एक तर बाहेरून काही विकत आणायची गरज नव्हती, सगळं बैलजोडीच्या घरात असणारंच होतं. दुसरी गोष्ट पुस्तकात शोधू नकोस, गावात जाऊन विचार: तो ढीग उलथतं कोण? संस्थेत त्यासाठी मजूर होते. घरात ते काम बहुतेक बाईच्या वाट्याला येतं, आणि तिचा दिवस आधीच भरलेला असतो. शेणाच्या गोवऱ्याही तीच थापते. कुठलीही शिफारस हातात आली की ती कुणाचे किती तास खाते ते आधी लिही. खर्चाच्या रकान्यात घरच्या मेहनतीपुढे शून्य लिहायची वाईट सवय आपल्या शेती खात्यात जुनी आहे.

बियाण्याचं काम मात्र मला आवडलेलं आहे, ते सांगतो. सोयाबीनचं जेएस 335 वाण अनेक वर्षं माळव्यात चाललं. ते तयार व्हायला 95 ते 100 दिवस घ्यायचं. पुढे जेएस 95-60 आलं, ते 85 दिवसांच्या आसपास निघतं. नंतर पिवळ्या मोझॅक रोगाने त्याला छळलं, ते खरं. पण लहान शेतकऱ्याने ते का धरलं? त्या वाचलेल्या दिवसांत शेत मोकळं होतं, ओल शिल्लक राहते, बटाटा किंवा लसूण वेळेवर लागतो. शेतकऱ्याने वाण निवडलं ते कॅलेंडर बघून. तू कुठल्या वाणाच्या चाचणीत गेलीस तर पुढच्या पिकाचंही विचार.

सोयाबीनचं साल नाजूक असतं. थ्रेशर जोरात फिरवला, पोती उंच रचून आपटली की उगवण पडते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरली आहे. घरचं बी तेवढं उगवतं का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्याने कोंब मोजायचे. एवढं मे महिन्यात केलं तर जूनमध्ये बियाण्यासाठी दुकानासमोर उभं राहावं लागत नाही. घरचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचासुद्धा हक्क 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. ही गोणपाटाची चाचणी गावच्या शाळेत सहावी-सातवीच्या पोरांकडून करवून घे. पोरं घरी जाऊन बापाला आकडा सांगतात, आणि बाप तुझ्या भाषणापेक्षा तो आकडा जास्त ऐकतो.

शिकवायचं म्हटलं तर कस्तूरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र तुला जवळ आहे, तिथे जाऊन बस. प्रशिक्षणाची यादी कशी बनते तेवढं मात्र तपास. यादी बहुतेक खातेदारांची असते, खात्यावर पुरुषाचं नाव, म्हणून बोलावणं पुरुषाला. बी निवडणारी, म्हैस सांभाळणारी घरीच राहते. तिच्यासाठी शिबिर गावात घ्यावं लागतं, दुपारच्या मोकळ्या वेळात, आणि जमेल तेवढी माळवी बोलून. तुझी माळवी कच्ची आहे. ती सुधार.

बटाईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने करणाऱ्याचं नाव तर कुठेच नसतं. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये जमीन ज्याच्या नावावर त्याला, मग तो इंदुरात फ्लॅटमध्ये राहत असला तरी. मध्यप्रदेशात 2016 मध्ये बटाईदाराच्या लेखी कराराचा कायदा झाला. पण मालकाला धास्ती, की कागद केला तर हा उद्या जमिनीवर हक्क सांगेल. आणि बटाईदाराला धास्ती, की कागद मागितला तर पुढच्या वर्षी शेतच मिळणार नाही. म्हणून धोरणाचं पुस्तक उघडण्याआधी एखाद्या भल्या पटवाऱ्याजवळ (तिकडचा तलाठी) बसून खसरा आणि बी-1 हे जमिनीच्या नोंदींचे कागद वाचायला शीक. कागदावरचा शेतकरी आणि बांधावरचा शेतकरी किती ठिकाणी निराळे आहेत ते स्वतः मोज.

भावांतरचं तुला मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या वयाच्या मंडळींना ती योजना कागदावर फार सुबक वाटते. 2017 मध्ये ती आपल्या राज्यात पहिल्यांदा आली, 2025 मध्ये सोयाबीनला पुन्हा लावली. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. मंडीतल्या सौद्यांवरून सरकार एक मॉडेल दर काढतं, आणि हमीभाव उणे मॉडेल दर एवढा फरक खात्यात टाकतं. समज, मॉडेल दर 4,000 निघाला. फरक 1,328. ज्याचा माल 4,000 ला गेला त्याचे 5,328 पुरे झाले. पण ज्याच्याकडे पाचच क्विंटल, माल थोडा ओला, घासाघीस करायला वेळ नाही, त्याला मिळाले 3,600. त्यालाही फरक 1,328 चाच. हातात पडले 4,928, म्हणजे क्विंटलमागे 400 ची खोट त्याची त्यानेच सोसायची. आणि गाडीभाडं परवडत नाही म्हणून जो गावातच व्यापाऱ्याला देऊन टाकतो, तो तर या हिशेबात धरलेलाच नाही. सरासरीवर बेतलेली योजना सरासरीच्या खालच्याला कशी लागते, हे असं पाच क्विंटलवाल्याचं गणित करून बघितल्याशिवाय दिसत नाही. सूत्र बदलायला सांगणारी तू कोण, असं विचारतील. तेव्हा मंडीतल्या पावत्या समोर ठेव.

देवासच्या शेततळ्यांचं काम पाहायला नक्की जा. 2006 पासून तिथे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत मोठी तळी खोदली, बोअरवरचा भार हलका झाला, माळव्यातलं ते चांगल्यांतलं काम. जमिनीचा दहावा हिस्सा पाण्याला द्यायचा, असा त्याचा साधारण हिशेब. चाळीस बिघ्यांतले चार देता येतात. चारातला अर्धा बिघा दिला तरी त्यात पाणी ते किती साठणार? चार-सहा घरांचं मिळून एक तळं होऊ शकेल का, जमीन कुणाची जाईल, पाण्याची पाळी कोण ठरवील, ते तिथल्याच लोकांना विचार.

आता काम सांगतो. एक गाव धर, शक्यतो सांवेर तहसिलीतलं, म्हणजे बसने जाऊन-येऊन होईल. तीन घरं निवड: एक स्वतःच्या जमिनीचं, एक बटाईचं, एक असं जिथे बाईच शेत बघते. वर्षभर दर पंधरवड्याला जाऊन रोख किती आली, किती गेली, कुणी किती तास काम केलं एवढं लिही. सल्ला देऊ नकोस, विचारला तरी लगेच देऊ नकोस. एमएस्सीचा फॉर्म भरायचाच असेल तर भर, दोन्ही होतं. शेतकरी उत्पादक कंपनी काढायच्या घाईत कुणी तुला ओढायला आलं तर एवढंच विचार, की सभासद जमवून झाल्यावर तिसऱ्या वर्षी ऑफिसात पगारावर कोण बसणार आहे आणि तो पगार कुठून येणार आहे.

वही मोठ्या पानांची घे, तासांसाठी वेगळा रकाना आख, आणि त्या बाईंच्या घरच्या पहिल्या महिन्याची पानं मला आणून दाखव. येण्याआधी फोन कर, दुपारी मी झोपलेला असतो.

तुझा
काका