सर्किट बोर्ड फेकण्याआधी

सांगलीत रिपेअरिंगचं दुकान टाकतोयस, तर आधी एवढं ऐक. एलईडी टीव्ही बंद पडून आला की लगेच 'बोर्ड बदला' म्हणू नकोस. पॉवर सप्लायचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी नळकांडी, बघ. डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग, तर दोष बहुतेक तिथंच. नवा 105 डिग्री तापमान सोसणारा, असं छापलेलाच घाल. आपल्या उन्हाळ्यात 85 वाला लवकर सुकतो. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, कमी कधीच नको. आणि हात लावण्याआधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज कर, म्हणजे साठलेली वीज काढून टाक, रोज, न विसरता.

फुगलेली मोबाईल बॅटरी टोचू नकोस, वाळूच्या डब्यात वेगळी ठेव. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला भंगार माल देऊच नकोस रे; तो धूर पोरांच्या छातीत जातो, राख पावसात कृष्णेत. दोन पैसे कमी मिळाले तरी नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच दे.