व्हिएतनामी पद्धतीचे आंबटगोड मुळा-गाजर घरी केले की मऊ का पडते?

आपण विचारले आहे की, बान्ह मी या व्हिएतनामी पावात भरतात तसे मुळा-गाजर आपण काड्या चिरून थेट व्हिनेगर-साखरेत घातले, पण दोन दिवसांत ते लिबलिबीत झाले आणि बरणी उघडताच नको तो वास आला; शिवाय त्यांच्याकडे मोहरीच्या पानांचा जो आंबवलेला प्रकार असतो, तो आपल्याकडच्या हवेत जमेल का. मी हनोईत काही काळ नोकरीसाठी राहत असताना हे दोन्ही प्रकार शेजारच्या आजींकडून शिकले आणि आता पुण्यात करते, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहिते. मात्र सुरुवातीलाच हे स्पष्ट असावे की हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात आंबटपणा आपण बाहेरून घालतो, तर दुसऱ्यात तो बरणीतच तयार व्हावा लागतो.

मुळा-गाजराच्या प्रकाराला तिकडे दो चुआ म्हणतात. तो मऊ पडण्याचे कारण व्हिनेगरमध्ये नसून भाजीतल्या पाण्यात आहे. मुळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते आधी काढले नाही, तर बरणीत हळूहळू सुटत राहते, व्हिनेगर पातळ करते आणि काड्या बेचव होतात. म्हणून अर्धा किलो मुळा आणि पाव किलो गाजर यांच्या काडेपेटीतील काडीपेक्षा थोड्या जाड काड्या चिराव्यात (किसणीवर किसू नये, कीस लगेच गळतो), त्यांवर एक चहाचा चमचा मीठ आणि दोन चमचे साखर घालून तीन-चार मिनिटे हाताने चोळावे. खमंग काकडी करताना कोचवलेल्या काकडीचे पाणी आपण जसे पिळून टाकतो, तसेच हे काम आहे, फक्त येथे काडी मोडता कामा नये. मुळ्याची एक काडी वाकवून तिची दोन टोके एकमेकांना टेकली आणि ती तुटली नाही, की भाजी तयार झाली असे समजावे. मग ती थंड पाण्यात धुऊन, मूठमूठ घेऊन घट्ट पिळावी. धुण्यात कंटाळा केला तर सगळे खारट होते.

मुरवण्याच्या पाण्यासाठी दीड वाटी पांढरे व्हिनेगर, पाऊण वाटी पाणी आणि अर्धी वाटी साखर एवढे या भाजीला पुरते. पाणी कोमट करून त्यात साखर विरघळवावी, मग व्हिनेगर मिसळावे आणि मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत ओतावे, कारण उकळते पाणी ओतले तर काड्या अर्धवट शिजतात. परदेशी पाककृतींत व्हिनेगर आणि पाणी जवळजवळ समसमान असते, पण तिकडचे व्हिनेगर सहसा पाच टक्के आम्लाचे असते आणि आपल्या किराणा दुकानातल्या बाटलीवर बहुतेक वेळा चार टक्के लिहिलेले असते. त्यामुळे मी पाणी कमी धरते. दक्षिण व्हिएतनाममध्ये नारळपाण्याचेही व्हिनेगर करतात, तेव्हा गोव्याचे माडाचे व्हिनेगर वापरण्यात काहीच वावगे नाही. त्याने पाणी किंचित गढूळ दिसते, पण चव अधिक गोलाईची येते. हळद, मोहरी, हिंग यांचा मोह मात्र टाळावा. हा प्रकार तेलकट मांसाच्या किंवा तळलेल्या पदार्थाच्या शेजारी तोंड स्वच्छ करण्यासाठी असतो, स्वतःची चव गाजवण्यासाठी नसतो.

तासाभरात तो खाता येतो, दुसऱ्या दिवशी उत्तम लागतो आणि फ्रिजमध्ये तीन आठवडे नीट राहतो. कैरीच्या लोणच्यासारखा तो वर्षभर ठेवण्याचा पदार्थ नाही. यात ना तेलाचा थर असतो, ना तेवढे मीठ. वासाबद्दल सांगायचे तर, मुळा चिरल्यावर त्यातील गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात आणि बंद बरणीत साठतात. तो वास नासल्याचा नसतो. वाढण्याआधी काही मिनिटे झाकण उघडे ठेवले की तो बराच उडून जातो. आपल्याकडचा मुळा मुळातच तिखट असल्यामुळे कोवळा, गुळगुळीत सालीचा निवडावा आणि साल जरा जाडच काढावी. काही दिवसांनी मुळ्याला पिवळसर झाक येते, तीही त्याच द्रव्यांमुळे, त्यामुळे घाबरून बरणी फेकून देऊ नये.

आता मोहरीची पाने. उत्तरेकडे, विशेषतः हनोईत, हा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. रुंद देठांची मोहरी मिळाली तर सर्वांत चांगले. आपल्याकडे हिवाळ्यात सरसोंची जुडी मिळते, तिचे देठ बारीक असले तरी काम भागते. एक किलो पाने धुऊन निथळावीत आणि चांगली मलूल होईपर्यंत उन्हात पसरावीत, म्हणजे ती दाबताना तुटत नाहीत. दीड लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सुमारे 50 ग्रॅम खडे मीठ आणि एक मोठा चमचा साखर विरघळवावी, पानांबरोबर पातीचा कांदा घालावा आणि वर बशी व वजन ठेवून सगळे पाण्याखाली बुडवावे. या पदार्थातला खरा नियम एवढाच आहे की पाण्याबाहेर एकही पान राहू नये, कारण बुरशी तेथूनच सुरू होते. काही घरांत मीठ साध्या पाण्याऐवजी तांदळाच्या धुवणात विरघळवतात. त्यातील पिष्टामुळे आंबवण लवकर धरते.

आपल्या हवेचा प्रश्न उरतच नाही, कारण हनोईचा उन्हाळा मुंबईइतकाच दमट असतो. उष्म्यात दोन-तीन दिवसांत, थंडीत आठवड्याभरात पाने हिरवी न राहता पिवळी-तपकिरी होतात, कारण दुग्धाम्ल (आंबताना बरणीत तयार होणारे आम्ल) वाढले की हरितद्रव्याचा रंग बदलतो. पाने अजून हिरवी आणि उग्र असताना खाऊ नयेत. सुरुवातीच्या दिवसांत नायट्राइट या अपायकारक क्षाराचे प्रमाण वाढते आणि नीट आंबल्यावर ते उतरते. वर पातळ पांढरी साय आली तर ती काढून टाकावी, मात्र काळी, गुलाबी किंवा केसाळ बुरशी दिसली तर बरणी रिकामी करावी, त्यात काटकसर नको. पाने हवी तेवढी आंबट झाली की फ्रिजमध्ये ठेवावीत.

आपण शाकाहारी असाल तर या दोन्ही प्रकारांत माशाचा अंश नाही, हेही सांगून ठेवते. मध्य व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षासाठी गाजर, मुळा, नवलकोल आणि कच्ची पपई उन्हात सुकवून जो झुआ मोन करतात, तो मात्र माशाच्या खारट अर्कात आणि साखरेत मुरवलेला असतो. बौद्ध उपासाच्या दिवसांसाठी तोच सोया सॉसमध्येही करतात.

मोहरीची पाने फारच आंबट झाली तर ती वाया जात नाहीत. तिकडे ती चिरून टोमॅटोबरोबर परततात आणि पाणी घालून त्यांचे सार करतात, ज्यात बहुधा मासा किंवा बरगडीचे तुकडे असतात. मी त्यात टोफू घालते. मिठाची चव मात्र शेवटी घ्यावी, कारण पानांत ते आधीच भरपूर असते.