पावसाळ्यात लोहखनिज भरताना

मुरगावला बार्जमधून येणारी खनिजाची भुकटी वरून कोरडी दिसते, त्या दिसण्यावर जाऊ नकोस. ओलाव्याचा आकडा टीएमएलच्या (माल जहाजातून सुरक्षित नेता येईल अशा ओलाव्याच्या कमाल मर्यादेच्या) खाली हवा, नमुना सात दिवसांच्या आतला हवा. मध्ये जोराचा पाऊस पडला, तर नव्याने तपासणी मागायची. स्वतःही कॅन टेस्ट कर: डबा त्याच भुकटीने अर्धा भर, वीतभर उंचीवरून कडक जमिनीवर 25 वेळा आपट. वर पाणी सुटलं की भरणं थांबवायला सांग. सुटलं नाही तरी निर्धास्त होऊ नकोस; ही चाचणी फक्त 'नाही' सांगते, 'हो' कधीच नाही. शिपर, म्हणजे माल पाठवणारा, घाई करणारच. 2009च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' ही जहाजं याच मालासकट बुडाली. शंका आली, तर चीफ ऑफिसरला झोपेतून उठव. ओरडेल, ओरडू दे.