एब्स्टाइन अ‍ॅनोमली (हृदयाच्या झडपेचा जन्मजात दोष) ११व्या वर्षी कळली, ऑपरेशनला उशीर झाला का?

बहुतेकदा नाही. उलट शाळकरी वय सर्जनला सोयीचंच पडतं. तान्ह्या बाळाची झडप इतकी नाजूक असते की टाका धरणं अवघड.

हा दोष दुर्मीळ. उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप जागेवर न बसता खालच्या कप्प्यात सरकलेली असते, पाकळ्या स्नायूच्या भिंतीला चिकटलेल्या. रक्त मागे गळतं, वरचा कप्पा फुगतो. मूल जिना चढताना दमतं, काहींचे ओठ निळसर दिसतात.

पूर्वी सर्रास कृत्रिम झडप बसवायचे, पण वाढत्या मुलाला ती पुढे अपुरी पडते. म्हणून ब्राझीलचे सर्जन होझे पेद्रो दा सिल्वा यांची ‘कोन’ (cone, म्हणजे शंकू) पद्धत मला जास्त पटते. पाकळ्या भिंतीपासून सोडवतात, फिरवून कडेला कड शिवतात आणि तयार झालेला शंकू झडपेच्या मूळ कड्याला जोडतात. झडप मुलाची स्वतःचीच राहते. वरच्या कप्प्यांमधलं भोक असेल तर तेही त्याच वेळी बुजवतात.

छातीत अचानक धडधड होत असेल तर ऑपरेशनआधी ठोक्यांची तपासणी करून घ्याच; या मुलांत बऱ्याचदा हृदयात विजेच्या संदेशांचा जादा मार्ग सापडतो आणि तो आधी किंवा ऑपरेशनमध्येच जाळता येतो.

खर्चाची चिंता असेल तर शाळेच्या आरोग्य तपासणी पथकाला सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा, १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. आणि सर्जनला न लाजता विचारा: कोन रिपेअर किती केल्यात?