हायब्रिड गाडीचे ब्रेक ऑइल

प्रश्न : हायब्रिड गाडीचे ब्रेक ऑइल घरीच बदलताना डॉट ३ दर्जाच्या ऑइलऐवजी डॉट ५ घातले तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ग्लायकॉलवर आधारलेल्या डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये ते मिसळत नाही; आकड्यांचा हा घोळ भल्याभल्यांना फसवतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेला दर्जाच घ्यावा. हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करत असल्यामुळे पॅड कमी झिजतात, परंतु ऑइल हवेतील ओलावा शोषतच राहते, आणि डॉट ३ चा किमान २०५ अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू ओलाव्यामुळे १४० पर्यंत घसरू शकतो आणि तापून ऑइल उकळले की ब्रेक नीट लागत नाहीत, हे गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बदलण्याचे काम मात्र गॅरेजवर सोपवावे, कारण अनेक हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब विजेवरचा पंप तयार करतो आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्यासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र, लागतो.