जलरंग सोडण्याआधी कागद बदलून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या, निवृत्तीनंतर हौसेने जलरंग हाती घेतले, घरात असलेल्या ड्रॉइंग पेपरवर सराव सुरू केला, पण आकाशात हमखास डाग पडतात, झाडे मळकट होतात आणि ओळखीचे लोक ‘त्यापेक्षा अ‍ॅक्रिलिक करा’ असे सुचवतात, तर हे माध्यम सोडावे का? माझे उत्तर ‘सोडू नका’ असे आहे. मात्र तुमच्या तक्रारींपैकी काही सहज दूर होण्यासारख्या आहेत आणि काही या माध्यमाबरोबर कायम राहणार आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या तरच निर्णय घेता येईल.

आधी कागद. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या पातळ कागदावर पाणी पडले की तो फुगतो, त्याला खळगे पडतात, पाणी त्या खळग्यांत साचते आणि रंग तिथेच गडद होऊन वाळतो. त्यावर दुसरा थर द्यायला जावे, तर पहिला थर उचकटून वर येतो आणि दोन्ही एकमेकांत कालवले जातात. यात हाताचा दोष फार थोडा असतो. शंभर टक्के सुती, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरखरीत पोताचा कागद एकदा वापरून पाहा. बऱ्याच चांगल्या सुती कागदांना जिलेटिनची खळ दिलेली असते, त्यामुळे पाणी लगेच शोषले जात नाही आणि रंग हलवायला, उचलायला, मऊ करायला अवधी मिळतो. हा कागद महाग असतो हे खरे. पण २२ × ३० इंचांच्या एका पूर्ण शीटचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे होतात, आणि सरावाला तो आकार पुरेसा आहे. ‘आधी स्वस्त कागदावर हात बसू दे, मग चांगला घेऊ’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो साफ चुकीचा वाटतो, कारण स्वस्त कागदावर बसलेला हात चांगल्या कागदावर पुन्हा मोडावा लागतो.

दुसरी गोष्ट शाळेतल्या सवयीची. रेखाकला परीक्षांना आपल्यापैकी बहुतेकांनी पोस्टर कलर वापरले. ते अपारदर्शक रंग असतात. उजेड हवा असेल तिथे पांढरा मिसळायचा, चुकले की वरून जाड थर द्यायचा. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. म्हणून चित्राचा विचार उलट्या क्रमाने करावा लागतो: सर्वांत उजळ जागा कोणत्या हे ब्रश उचलण्यापूर्वी ठरवायचे आणि फिक्यापासून गडदाकडे जायचे. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि ज्यांना परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली होती त्यांना तो जास्तच लागतो.

आता आकाशातल्या डागांविषयी, कारण जलरंगाचे मर्म तिथेच आहे. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त पाण्याने भरलेला ब्रश टेकवला, की ते नवे पाणी आधीच्या रंगकणांना ढकलत बाहेर पसरते आणि त्याच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी उमटते. रंग तोच असतो, चुकते ती वेळ. कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरपा धरून उजेडात पाहिला, तर ओलाव्याच्या अवस्था स्पष्ट दिसतात: आधी पाण्याचा थर लकाकतो, मग लकाकी मंद होते, मग ती जाते पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद गार लागतो, आणि शेवटी तो पूर्ण कोरडा होतो. लकाकी असताना दुसरा रंग सोडला तर तो मऊपणे पसरतो. लकाकी मंद होऊ लागली की ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी आणि दाट रंग हवा. लकाकी गेली पण कागद गार आहे, तेव्हा हात मागे घेऊन बसावे. बहुतेक आकाशे याच वेळी, ‘एवढा एक ढग जरा नीट करू’ म्हणून बिघडतात.

या अवस्था किती वेळ टिकतात हे हवेवर अवलंबून असते आणि युरोपीय शिक्षकांचे व्हिडिओ पाहताना हे लक्षात ठेवावे. त्यांनी सांगितलेली मिनिटे आपल्या उपयोगाची नाहीत. नागपुरात मे महिन्यात वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळू लागते. रत्नागिरीत जुलैमध्ये तोच वॉश चहा घेऊन परत आलो तरी ओलाच असतो. उन्हाळ्यात कागद मागूनही भिजवून घ्यावा. पावसाळ्यात कोरे कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, कारण दमट हवेत कागदाला बुरशी धरली की खळ नष्ट होते, आणि तशा जागा वरून कोऱ्या दिसल्या तरी रंग लागताच टिपकागदासारख्या तो पिऊन टाकतात. रंगांची पेटीही नीट सुकल्यावरच बंद करावी. जलरंगांचा बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा पदार्थ, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो आणि बुरशीला तो आवडतो.

मळकटपणाचा उपाय छोटा आहे. एका मिश्रणात दोनपेक्षा जास्त रंग शक्यतो घेऊ नयेत आणि अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश घासू नये. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे चिन्ह वाचायची सवय लावा: पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन हा गडद निळा, आणि बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाच्या बहुतेक ट्यूबांवर पीबीआर७ असते. या दोघांपासून पावसाळी ढगांचे जितके करडे रंग मिळतात, तितके तयार काळ्या रंगातून कधीच मिळत नाहीत. पीआर८३, म्हणजे अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा गडद लाल, उजेडात फिका पडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात तो टाळावा.

‘जलरंग म्हणजे पाण्याच्या मर्जीचा खेळ’ असे जे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आठवा. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, आणि हातात समई घेतलेली ती तरुणी त्यांची कन्या गीता. अनेक जण ते चित्र राजा रविवर्म्याचे आणि तैलरंगातले समजतात. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड अपघाताने आलेला नाही, तो संयमाने साधलेला आहे. एका बैठकीत मोकळेपणाने चित्र उरकणारे आणि असे थरावर थर देणारे, दोन्ही स्वभावांना या माध्यमात जागा आहे. तुमच्या प्रश्नातला नेटकेपणा पाहता दुसरी वाट तुम्हाला मानवेल असे वाटते, आणि त्या वाटेवर प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा असल्याने डागांचा त्रासही कमी असतो.

जे जाणार नाही तेही सांगतो. रंग वाळल्यावर फिका होतो आणि किती फिका होईल याचा अंदाज कितीही वर्षांनी चुकतो. मोठी दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर बसून रेखाटन होईपर्यंत पायऱ्यांवरच्या सावल्या सरकलेल्या असतात, आणि नेमका वॉश ओला असताना कोणीतरी मागून ‘हे केवढ्याला विकता?’ असे विचारतोच.

तरीही मी हे सोडत नाही, कारण साऱ्या सरंजामाला एक शबनम पुरते आणि पाण्याची बाटली भरली की काम सुरू होते. शिवाय अल्ट्रामरीनचे जडसर कण कागदाच्या खाचांत बसून आपोआप जो रवाळ पोत देतात, तो हाताने काढता येत नाही. सर्वांत मोठा लाभ मात्र पाहण्याचा आहे. चुन्याच्या भिंतीवरची सावली करडी असते असे वाटत असते. रंगवायला बसल्यावर दिसते की वरच्या भागात ती आकाशाची निळाई घेते आणि खाली जांभ्या दगडाच्या अंगणाचा तांबूस परावर्तित प्रकाश.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. पण त्यात चूक झाकता येते म्हणून तिकडे जाणार असाल, तर महिनाभर थांबा. एक सुती शीट घ्या, तिचे आठ तुकडे करा आणि फक्त अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांत आठ आकाशे काढा, शक्य तर वेगवेगळ्या वेळी, दर वेळी हवा कशी होती ते मागे पेन्सिलीने लिहून. फसलेले तुकडे टाकू नका, मागच्या कोऱ्या बाजूवर रंगमिश्रणे तपासता येतात.